वळणापलीकडच्या भेगा

"विदुला, जरा चल," काकू म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

सरांनी नकाशातून मान वर केली नाही. "वळणापुढे जाऊ नका. पाय घसरतो तिथे."

"अहो, वळणाअलीकडे तुम्ही बसलाय. वर रस्त्यावर ड्रायव्हर आहे. आम्ही जायचं कुठे?"

भूशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न येत नाही. पुरुष विद्यार्थी खडकाकडे तोंड करतात आणि त्यांचं काम भागतं. बायकांना वळण लागतं. चार हिवाळे मी त्या टेकड्यांमधून हिंडत होते, आणि कुठल्या ओढ्याला कुठे वळण आहे हे माझ्या बरोबरच्या सगळ्या मुलांपेक्षा मला जास्त चांगलं माहीत होतं. हा ओढा मात्र मला नवा होता.

तो नोव्हेंबर अठ्ठ्याऐंशी सालचा. नाहनच्या पुढे, हिमालयाच्या अगदी पहिल्या पायरीशी. डॉ. श्रीपाद नेरूरकर माझे गाइड. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते आणि मार्चमध्येच माझी फेलोशिप संपत होती, त्यामुळे प्रबंध त्याआधी जाणं दोघांच्याही सोयीचं होतं. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी, कुमुदिनी नेरूरकर. निवृत्त होण्याआधी एकदा 'आपली नदी' बघायची असं त्यांनी जाहीर केलं होतं. सरांनी त्यांना थंडीची, रस्त्याची आणि गुडघ्यांची भीती घालून पाहिली. काकूंनी कॅनव्हासचे बूट विकत आणले.

काकूंची नदी म्हणजे काय, ते सांगायला हवं.

हिमालय उंच होत गेला तशा नद्या त्याला झिजवत गेल्या. झिजलेला माल, म्हणजे वाळू, चिखल, गोटे, त्यांनी पायथ्याशी पसरला. मग डोंगर आणखी पुढे सरकला आणि हाच पसारा त्याच्या पायात आला. तो चेपला, कलला, वर उचलला गेला. त्याच्याच या टेकड्या झाल्या. सर वर्गात म्हणत, "स्वतःचं उष्टं पुन्हा ताटात घेणारा डोंगर." आल्प्सही तेच करतो, पण वाक्य लक्षात राहायचं.

त्या जुन्या नद्या आता नाहीत, पण त्या कुठल्या दिशेनं वाहत होत्या हे सांगता येतं. नदीच्या तळाशी वाळू साचते ती तिरप्या पापुद्र्यांनी, आणि पापुद्र्यांचा उतार प्रवाहाच्या दिशेला असतो. वाळूचा खडक झाला तरी तो उतार तसाच राहतो. होकायंत्र लावून तो मोजायचा. मी चार वर्षं तेच केलं होतं. बाकीच्या सगळ्या ओढ्यांत माझ्या नद्या डोंगरातून उतरून पायथ्याशी आग्नेयेला वळत होत्या, आज गंगेकडे जाणारं पाणी वळतं तशाच. फक्त या एका ओढ्यातली नदी वायव्येला, सिंधूच्या दिशेनं गेली होती. ती मी मोजलेली नव्हती. ती सरांनी आणि काकूंनी एकसष्ट साली मोजली होती. शोधनिबंधावर दोघांची नावं होती, 'नेरूरकर आणि नेरूरकर'. त्या निबंधानं सरांचं नाव झालं. अर्थात या प्रश्नात जगातल्या फार तर चाळीस माणसांना रस होता आणि त्यातली निम्मी एकमेकांशी बोलत नसत. पण त्या चाळिसांत ते नाव मोठं होतं. विभागात सगळे तिला काकूंची नदी म्हणत.

माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण तिच्यावरच होतं. बाकीच्या नद्या एकीकडे आणि ही एकटी दुसरीकडे का गेली, याचं उत्तर मी शोधलं होतं. पायथ्याशी जमिनीखालून एक उंचवटा वर आला, त्यानं वाट अडवली आणि नदी उलटी वळली. त्या उंचवट्याचा दुसरा कुठलाही पुरावा नव्हता. नदी वळली, हाच पुरावा. सरांना प्रकरण आवडलं होतं. "तिथे जाऊन वेळ घालवू नकोस," ते म्हणाले होते, "तिथलं मोजून झालेलं आहे." काकूंनी हट्ट धरला नसता तर मी तो ओढा न बघताच त्याच्यावर चाळीस पानं लिहून मोकळी झाले असते.

वळणापुढे पाय घसरण्यासारखं काही नव्हतं. कोरडे गोटे, थोडं गवत, आणि समोर खडकाची उभी भिंत. मी पाठ करून उभी राहिले, म्हणजे माझं तोंड त्या भिंतीकडे आलं.

सगळे थर डोंगराच्या बाजूला कललेले होते, अलीकडच्या बाजूला होते तसेच. वाळूचा जाड थर, मग वीतभर लाल चिखलाचा, मग पुन्हा वाळूचा. चिखलाच्या थरात भेगा होत्या. नदी आटली की तळाचा चिखल वाळतो आणि फाटतो, तशा. पुढच्या पुरानं त्यांत पांढरी वाळू भरलेली, त्यामुळे त्या लाल खडकात पाचरी मारल्यासारख्या स्वच्छ दिसत होत्या.

चिखलाची भेग वर रुंद असते आणि खाली निमुळती होत जाते. उन्हाळ्यात वावर बघितलेल्या कुणालाही हे माहीत असतं. इथल्या भेगा खाली रुंद होत्या. त्यांची टोकं आभाळाकडे होती.

मी एक भेग पाहिली, मग दुसरी, मग सगळ्या पाहिल्या. एकही वेगळं सांगत नव्हती. अख्खा थर पालथा होता, साचताना जी त्याची वरची बाजू होती ती आता खाली, मैदानाकडे होती. डोंगरानं तो नुसता कलता केला नव्हता, उभा करून पलीकडे लोटला होता.

"दिसलं ना?" पाठीमागून काकू म्हणाल्या.

"काय, काकू?"

"भेगा."

मी वळले. काकू साडीच्या निऱ्या नीट करत होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

"मग आता मला सांग. थर पालथा असला तर नदी कुठे वाहते?"

एमेस्सीच्या तोंडी परीक्षेत विचारावा तसा प्रश्न त्यांनी विचारला. मी ट्रेसिंग पेपरचा तुकडा काढला, त्यावर उजवीकडे झुकलेल्या तिरप्या रेघा ओढल्या आणि खालची कड वर येईल असा कागद उलटा करून उजेडात धरला. रेघा डावीकडे झुकलेल्या दिसत होत्या.

"आग्नेयेला," मी म्हटलं. "बाकीच्या सगळ्यांसारखी."

"बाकीच्या सगळ्यांसारखी," काकू म्हणाल्या. "कागद फाड तो."

मी फाडला. तुकडे खिशात ठेवले, कारण ओढ्यात कचरा टाकलेला सरांना चालत नसे.

"काकू, तुम्हाला हे केव्हापासून..."

"एकसष्ट. शेवटच्या दिवशी. आजच्यासारखीच आले होते इकडे, याच कामाला." त्या एका गोट्यावर टेकल्या. "आम्ही काम वाटून घेतलं होतं. उतार मोजायचे यांनी. थरांची वरची बाजू कुठली, ते ठरवायचं मी. अलीकडच्या बाजूला भेगा नाहीत, तू पाहिलंस. मी आपलं खडकाच्या एका कडेवरून ठरवलं, वरची बाजू डोंगराकडे. यांनी विचारलं, 'नक्की?' मी म्हटलं, 'नक्की.' त्यावर यांनी सगळं गणित केलं आणि पोस्टात जाऊन आपल्या गाइडना तार केली. मग मी इथे आले."

"आणि परत जाऊन सांगितलं नाहीत?"

"अगं, लग्नाला चार महिने झाले होते. अंबाल्यापर्यंत बसमध्ये हा माणूस गात होता. गाता येत नाही त्यांना, तू ऐकलं नाहीस कधी. चार महिन्यांत कुणी कुणाची नदी काढून घेतं का?"

"नंतर?"

"नंतर निबंध छापून आला. मग मुकुंद झाला. मग यांना पदक मिळालं, मग सासूबाईंचं आजारपण. दर वर्षी सांगणं आदल्या वर्षीपेक्षा अवघड होत गेलं. तू नाही सांगायचंस त्यांना. कबूल?"

"काकू, माझं चौथं प्रकरण..."

"मार्चनंतर ते घरी बसतील. बाग करायची म्हणतात. ही नदी गेली तर बागेत बसून त्यांनी विचार कशाचा करायचा? कबूल म्हण."

मी कबूल म्हटलं. आम्ही परत आलो तेव्हा सर तसेच नकाशात होते.

"घसरलात?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," काकू म्हणाल्या.

"नशीब."

आम्ही जंगल खात्याच्या विश्रामगृहात उतरलो होतो. संध्याकाळी काकू आत पाय शेकत बसल्या आणि सर व्हरांड्यात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले. ऊन टेकड्यांवरून उतरत होतं. सरांनी सोललेले दाणे माझ्यापुढे सरकवले. हे त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

"काय पाहिलंस?"

"कुठे, सर?"

"विदुला."

मी थोडा विचार केला. "सर, मी काय पाहिलं ते मला सांगता येणार नाही."

"म्हणजे पाहिलंस." ते शेंगेचं टरफल मोडत राहिले. "कुमुदनं पाहिलं?"

"ते तुम्ही काकूंनाच विचारलं तर बरं."

"ते विचारायचं असतं तर चौऱ्याहत्तरलाच विचारलं असतं."

मी दाणे खाल्ले, कारण दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

"चौऱ्याहत्तर साली एक ऑस्ट्रियन आला होता," सर म्हणाले. "मोठा माणूस. ही जागा बघायला मुद्दाम आला. आदल्या दिवशी त्यानं कुठेतरी उसाचा रस प्यायला होता. इथे पोचलो आणि तो धावतच वळणापलीकडे गेला. मी पाण्याची बाटली घेऊन मागे. सभ्यपणा म्हणून तोंड फिरवून उभा राहिलो."

"भिंतीकडे."

"भिंतीकडे. त्यानं स्वतः काही पाहिलं नाही, तो त्रासात होता. परत जाऊन माझ्या निबंधाबद्दल फार चांगलं लिहिलं त्यानं."

"सर, मग चौदा वर्षं..."

"हे बघ. कुमुद आमच्या वर्गात पहिली होती. मी चौथा. मग घर, मुलं, माझी आई. तिच्या नावावर जन्मात एक निबंध आहे. त्या निबंधातलं एक वाक्य संपूर्ण तिचं आहे. 'थरांची वरची बाजू डोंगराकडे आहे.' ते चूक आहे हे मी तिला सांगू? त्या निबंधाची प्रत आमच्या शोकेसमध्ये आहे, विदुला. बाहुल्यांच्या शेजारी. ती दर दिवाळीला पुसते."

मी ती प्रत पाहिली होती. पुसलेली असे, हे खरं.

"म्हणून तुम्ही मला इथे येऊ दिलं नाहीत."

"तू आली असतीस तर तुला वळण लागलं असतं," सर म्हणाले. "मुलगे पाठवले असते तर पंचवीस वर्षं काही झालं नसतं." त्यांनी टरफलं कागदात गुंडाळली. "तिला कळता कामा नये. तेवढं माझ्यासाठी कर."

"आणि माझं चौथं प्रकरण, सर?"

"चांगलं लिहिलंयस."

"त्यात एक उंचवटा आहे, सर. तो कुठेच नाही."

"हो," सर म्हणाले. "त्याचं मलाही वाईट वाटतं."

जेवताना दोघांनी डाळीचं कौतुक केलं. डाळ करपली होती. काकूंनी सरांना वाढलं, सरांनी काकूंच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि त्या दोघांच्या मधे मी बसले होते. काकूंना दिलेला शब्द सरांना काही न सांगण्याचा होता आणि सरांनी मागितलेला काकूंना न सांगण्याचा. दोन्ही पाळायचे तर नसलेल्या उंचवट्यावर सही करून त्यावर पीएचडी मिळवायची. मग कुणीतरी विद्यार्थिनी पाच-दहा वर्षांनी त्या वळणापलीकडे जाणारच, आणि तोपर्यंत मीही त्या शोकेसमध्ये उभी राहिलेली असणार. प्रकरण काढून टाकायचं तर बाहेरचा परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारणार, तुमच्या गाइडची नदी कुठे गेली? खरं लिहायचं तर हे दोघं ते एकमेकांसमोर बसून वाचणार.

पण सरांची एक पद्धत होती.

खडकापुढे विद्यार्थ्यांना उभं केलं की ते थरांची वरची बाजू कुठली, असं विचारत. पण तोंडानं सांगायचं नाही. सगळ्यांनी एकमेकांकडे पाठ करायची, सरांनीसुद्धा, आणि एक-दोन-तीन म्हटलं की बोट दाखवायचं. मग हात तसाच ठेवून बाकीच्यांकडे बघायचं. बोट दाखवून होईपर्यंत एक अक्षर बोलायला बंदी. "मत सर्दीसारखं असतं," सर म्हणत, "जवळच्या माणसाकडून लागतं." आम्ही त्याला नुसतंच 'बोट' म्हणत असू. सर स्वतःही चुकत कधी कधी, आणि चुकलेला हात वर धरून मुकाट्यानं उभे राहत. पण न पटलेल्या दिशेला त्यांनी बोट दाखवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या आधीचे, साठ-सत्तर सालातले त्यांचे विद्यार्थी भेटले की त्यांना ही पद्धत माहीत नसायची. त्याचं मला फारसं काही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा त्याच जागी. काकूंना निघण्यापूर्वी एकदा नदी डोळे भरून बघायची होती, असं त्या म्हणाल्या. नदी म्हणजे अलीकडच्या बाजूचा खडक. त्यांनी त्यावर हात फिरवला. सर शेजारी उभे राहून दुसरीकडे बघत होते.

"काकू, जरा येता?" मी म्हटलं.

"मला नाही जायचं आत्ता."

"मला जायचंय. सोबतीला या."

सर म्हणाले, "सांभाळून. पाय घसरतो."

वळणापलीकडे पोचल्यावर काकू पाठ करून उभ्या राहिल्या. मी हातोडी खाली ठेवली आणि जोरात हाक मारली, "सर! सर, लवकर इकडे या!"

काकू गर्रकन वळल्या. "हे काय करतेस?"

"मी त्यांना काही सांगणार नाही, काकू. शब्द दिलाय."

सर गोट्यांवरून धडपडत आले. एका हातात डेटॉलची बाटली, दुसऱ्या हातात कापूस. "कोण पडलं? कुमुद? कुठे लागलं?"

"कुणी पडलं नाही," काकू म्हणाल्या.

सर थांबले. बाटलीचं झाकण त्यांनी उघडलेलं होतं, ते बसवलं. भिंत समोरच होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. काकूंनीही पाहिलं नाही. दोघं माझ्याकडे बघत होते, आणि मी दोघांचीही विद्यार्थिनी होते हे मला तेव्हा पहिल्यांदाच नीट जाणवलं.

"सर," मी म्हटलं, "बोट."

"आज नको."

"तुमचाच नियम आहे, सर. नवीन खडक दिसला की आधी बोट, मग बोलणं."

"विदुला, मी सांगतोय ना, नको."

"बोट म्हणजे काय?" काकूंनी विचारलं.

मी त्यांना सांगितलं. पाठ करायची, बोलायचं नाही, तीन म्हटलं की वरच्या बाजूकडे बोट. शेजारच्याचं बघून कुणी उत्तर देऊ नये म्हणून.

काकूंनी ऐकून घेतलं. "कल्पना चांगली आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या वेळी नव्हती. ही केव्हा सुरू केलीत तुम्ही?"

सरांनी डेटॉलची बाटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"पंचाहत्तरपासून," ते म्हणाले.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. चौऱ्याहत्तरचा ऑस्ट्रियन त्यांनाही आठवत असणार. आठ दिवस त्यांच्याच घरी होता, पहिले तीन दिवस मऊ भातावर.

"बरं," काकू म्हणाल्या आणि पदर खोचला. "चला. पाठ करा."

आम्ही पाठीला पाठ लावून उभे राहिलो. तिघांच्या पाठी नीट जुळत नव्हत्या, सर उंच होते. माझ्या डाव्या खांद्याला काकूंचा खांदा लागत होता आणि तो अगदी स्थिर होता. सरांचा श्वास मला ऐकू येत होता.

"एक," मी म्हटलं. "दोन."

काकूंच्या बांगड्या तीनच्या आधीच वाजल्या.

"तीन."

माझं बोट मैदानाकडे होतं. मान वळवून पाहिलं. काकूंचं बोट मैदानाकडे होतं. सरांचंही मैदानाकडे होतं, कोपरात जरा वाकलेलं. तीन हात एका दिशेला, खाली धुक्यात जिथे अंबाला असावं तिकडे. रस्त्यावरून ड्रायव्हरनं आम्हाला पाहिलं असतं तर तिकडे काहीतरी घडतंय असं त्याला वाटलं असतं.

नियमाप्रमाणे हात खाली घ्यायचा नसतो. कुणीच घेतला नाही.

"खांदा दुखतो माझा," काकू म्हणाल्या.

"घे खाली," सर म्हणाले.

तिघांनी हात खाली घेतले.

"केव्हापासून?" सरांनी विचारलं.

"एकसष्ट. शेवटचा दिवस."

सरांना हे अपेक्षित नव्हतं. ते त्या गोट्यावर बसले, जिथे आदल्या दिवशी काकू बसल्या होत्या. "म्हणजे निबंध छापायच्या आधी."

"आधी."

"सत्तावीस वर्षं तू माझी व्याख्यानं ऐकलीस. पहिल्या रांगेत बसून."

"आणि तुम्ही चौदा वर्षं दिलीत. उभं राहून."

"मी तुझ्यासाठी देत होतो!"

"मग मी काय स्वतःसाठी ऐकत होते? तीच ती नदी, दर वेळी तीच स्लाइड, तोच विनोद!"

"विनोद तुला आवडायचा."

"एकसष्ट साली आवडला होता."

काकूंनी भिंतीजवळ जाऊन एका भेगेवर बोट ठेवलं आणि ते रुंद बाजूकडून टोकापर्यंत नेलं, खालून वर. "किती स्वच्छ आहेत बघा," त्या म्हणाल्या. "इतक्या स्वच्छ भेगा मी पुन्हा कुठे पाहिल्या नाहीत."

"मीही नाही," सर म्हणाले.

"मला वाटायचं, तुम्हाला सहन होणार नाही."

"मला वाटायचं, तुला."

काकूंनी यावर विचार केला. "होतंय की," त्या म्हणाल्या.

आता मला विचारावंच लागलं. "सर, माझं चौथं प्रकरण?"

"कुठलं चौथं प्रकरण?" सर म्हणाले. मग ते उठले, पँट झटकली. "होकायंत्र आणलंयस ना? सगळे उतार पुन्हा मोजायचेत. कुमुद, तू बस. तुझा गुडघा."

"तुम्ही बसा," काकू म्हणाल्या. "मागच्या वेळी तुम्ही मोजलेत." त्यांनी माझ्या हातातून होकायंत्र घेतलं, झाकण उघडलं, खडकाला लावलं आणि सुई स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत हात विसरले नव्हते. त्यांनी आकडा सांगितला. तो मी लिहून घेतला आणि सरांनी जागच्या जागी तोंडी हिशेब करून दिशा सांगितली. त्या सांगत, मी लिही, ते हिशेब करत. मध्येच काकू म्हणाल्या, "हा नको धरू, कड खराब आहे. कडेवरून काही ठरवू नये." सर हसले. त्यांना हसताना मी पूर्वीही पाहिलं होतं, पण ते विद्यार्थ्यांच्या चुकांना.

ऊन कलेपर्यंत मोजलं. नदी आग्नेयेलाच वाहत होती.

त्या हिवाळ्यात मी चौथं प्रकरण फाडून पुन्हा लिहिलं. ते सहा पानांचं झालं. दुरुस्तीची टिपणी एका नियतकालिकात छापून आली, दोन पानी, तीन नावांची, पहिलं नाव कुमुदिनी नेरूरकर. 'थरांची वरची बाजू मैदानाकडे आहे', हे तिचं पहिलं वाक्य. तिथे दुसरं कुठलंही वाक्य काकूंनी घालू दिलं नाही. चाळिसांपैकी बहुतेक जण गप्प राहिले. एक पत्र आलं, व्हिएन्नाहून. ती जागा आपल्या चांगली लक्षात आहे, पण भेगा पाहिल्याचं आठवत नाही, असं त्या गृहस्थांनी लिहिलं होतं. पुढे मी सरांच्याच खोलीत शिकवायला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. विद्यार्थ्यांना बोट मी शेवटपर्यंत दाखवायला लावलं. ते कुठून आलं, हे मात्र त्यांना कधी सांगितलं नाही. तेव्हा शोकेसमध्ये दोन्ही प्रती शेजारी शेजारी होत्या आणि सांगणं योग्य वाटलं नाही. आता त्या घरात कुणी नाही.

त्या संध्याकाळी परत निघालो तेव्हा मी मागे होते, दोन्ही हातोड्या आणि डेटॉल घेऊन. ते दोघं पुढे, अजून भांडत. ऑस्ट्रियनाला मऊ भात का घालायला लागला हे काकूंना त्या वेळी का सांगितलं नाही, असा काहीतरी विषय होता. वळणापाशी सर थांबले आणि त्यांनी हात पुढे केला.

"सांभाळ," ते म्हणाले. "पाय घसरतो इथे."

काकूंनी खाली पाहिलं. कोरडे गोटे, थोडं गवत.

"इथे कधीच घसरत नव्हता," त्या म्हणाल्या आणि हात धरला.